अंधारातल्या रोपांचं वजन

धाकट्या लेकीचं, श्रुतिकाचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार एकोणीस. मे महिन्यात बोरिवलीच्या एका हॉलमध्ये लग्न लागलं आणि त्यासाठी धोंडू घाडीने आयुष्यातला दुसरा सफारी शिवून घेतला, राखाडी रंगाचा. शिंप्याने पोटाचं माप दोनदा घेतलं, कारण पहिलं त्याला खरं वाटेना. सप्टेंबरात गणपतीला तोच सफारी अंगावर चढवला तर पँट कमरेवर ठरेना, सुतळीने बांधावी लागली. चाळीतल्या बायका विमलाला म्हणाल्या की भाऊजी अगदी पोरसवदा दिसायला लागलेत, काय करतेस आम्हालाही सांग. विमला हसली. तिलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

चाळ दहिसरला, नदीच्या अंगाला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे गॅलरी. धोंडू देवगड तालुक्यातला. गिरणीत लागला, संपात बाहेर पडला, नंतर मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं लेथ चालवली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसला. मुलगा देवेश गोरेगावला स्टुडिओत लाइट लावायच्या कामावर, सून नीलम साडीच्या दुकानात. दोघं सकाळी जात ते रात्रीच येत. घरात उरत धोंडू, विमला आणि शाळेतून दुपारी परतणारी नात मानसी. ती त्या वर्षी दहावीला होती.

विमलाही एका अर्थी दहावीलाच होती. तिला अक्षरओळख झाली बावन्नाव्या वर्षी, मानसी पहिलीत गेली तेव्हा. बाईंनी सांगितलं होतं की घरातल्या कुणीतरी मुलीजवळ अभ्यासाला बसावं. बसायला आजीशिवाय कुणी नव्हतं. आठवडाभर आजीने नुसती मान हलवली, मग नातीच्या ध्यानात आलं की आजीला ‘कमळ’ आणि ‘गवत’ सारखंच दिसतं. त्या दिवसापासून पाटी एक आणि विद्यार्थिनी दोन. मानसी ज्या इयत्तेत, विमला त्या इयत्तेत. वाचताना अजून तिचे ओठ हलायचे आणि बोट ओळीखालून सरकायचं, पण ओळ सुटायची नाही. संध्याकाळी भाजी निवडताना पुस्तक तिच्या मांडीवर असे. ती प्रश्न विचारायची, मानसी पाठ म्हणायची, आणि पोरगी चुकली की विमला शब्दावर बोट ठेवून गप्प बसायची. मानसीला त्या गप्प बसण्याची सरांच्या ओरडण्यापेक्षा जास्त धास्ती होती.

गणपती गेले आणि धोंडूची तहान वाढली. तांब्या संपेना इतकं पाणी, आणि तितक्याच फेऱ्या मोरीकडे. साखर त्याला आठ वर्षांपासून होती, दोन गोळ्या चालू होत्या. देवेशने सुट्टी काढून त्याला नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, विमला बरोबर गेली. काट्यावर चोपन्न किलो भरले. लग्नाच्या आधी अडुसष्ट होते. साखर चारशेला टेकली होती. बाईंनी कागद बाजूला ठेवून समजावलं, की साखर रक्तात भरपूर आहे पण ती पेशींच्या आत शिरत नाही. आत शिरायला इन्शुलिन लागतं आणि ते यांच्या शरीरात फार थोडं उरलंय. पेशी उपाशी आहेत, म्हणून शरीर आपलीच चरबी आणि आपलंच मांस जाळतंय. उद्यापासून इंजेक्शन सुरू करायचं.

धोंडूने सगळं ऐकून घेतलं. बाहेर पडून चपला घालताना तो म्हणाला, “दसरो होवंदे, मगे बघूया.”

कारण रविवारी घट बसायचे होते.

घाडींच्या घरात घटाला पुरुष बसतो. गावी धोंडूचा बाप बसायचा, तो गेल्यावर मान थोरल्याकडे, म्हणजे धोंडूकडे मुंबईत आला. परडीत माती, मातीत पाच धान्यं, वर पाण्याचा घट, शेजारी न विझणारा दिवा, आणि रोज एक माळ. जो बसला त्याने नऊ दिवस अन्न घ्यायचं नाही, फराळावर राहायचं, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, आणि मोरीत लघवीला जाऊन आला तरी अंगावर पाणी घेतल्याशिवाय घटापाशी परत बसायचं नाही. मातीत जे उगवतं त्याला रुजवण म्हणतात. देव्हारा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, तिथे ऊन कधी येत नाही, म्हणून रुजवण पिवळीजर्द होते. जितकी उंच आणि पिवळी तितकं घराला वर्ष चांगलं. दसऱ्याला ती कापून पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या केसांत खोवायची.

घट बसले त्या दिवशी धोंडूने गोळ्याही बंद केल्या. विमलाने विचारलं तर त्याचा हिशेब तयार होता.

“गोळी जेवल्यावर घ्यायची. मी जेवतंय खय? मगे साखर येतली खयसून?”

“रताळी खातास. केळी खातास. साबुदाणो खातास.”

“ता उपासाचा,” धोंडू म्हणाला. उपासाचं अन्नात धरायचं नसतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि विमलालाही होतं.

इकडे मानसीचा विज्ञानाचा प्रकल्प चालला होता. धडा होता सजीव ऊर्जा कशी मिळवतात याचा. सरांनी पन्नास-पन्नास गव्हाचे दाणे वजन करून दिले होते. एक डबा उजेडात ठेवायचा, एक अंधारात, बारा दिवसांनी रोपं मुळासकट उपटून, माती धुऊन, खडखडीत वाळवून पुन्हा वजन करायचं. मानसीने पितृपक्षातच श्रीखंडाचे दोन डबे घेतले, एक गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, दुसरा खाटेखालच्या ट्रंकेत. गॅलरीतली रोपं बोटभर झाली, बुटकी, गडद हिरवी. ट्रंकेतली वीतभर झाली आणि पिवळी. विमलाने झाकण उघडून पाहिलं तेव्हा तिला ती ओळखीची वाटली. घरात आणखी एका ठिकाणी अगदी तशीच उगवत होती.

“बघ, ट्रंकेतली जिंकली,” ती म्हणाली.

“थांब ना आजी, वजन होऊ दे.”

वजन पाचव्या माळेला झालं, गुरुवारी. मानसी शाळेतून आली ती वही नाचवतच. पन्नास दाणे पेरताना दोन ग्रॅम होते. उजेडातली रोपं वाळून दोनाच्या थोडी वर भरली. अंधारातली भरली दीड ग्रॅम.

विमलाला ते पटेना. वीतभर वाढलेलं रोप दाण्यापेक्षा हलकं कसं होईल? तिने आकडे पुन्हा वाचून दाखवायला लावले, मग वही स्वतः घेतली. उपटताना पडलं असेल, धुताना गेलं असेल, सरांच्या काट्यात खोट असेल, असं सगळं विचारून झालं. मानसी म्हणाली की वर्गात सगळ्यांचं तेच आलंय.

“मग अर्धा ग्रॅम गेला कुठे?”

“श्वासात गेला.”

“झाड कुठला श्वास सोडतं गं? झाड चांगली हवा देतं.”

“अगं, ते उजेडात. पानं हिरवी असली तर ऊन घेऊन साखर बनवतात, तेव्हा. पण श्वास तर रात्रंदिवस चालूच. वाच ना तूच.”

विमलाने पुस्तक उघडलं. तो भाग तिने दोनदा वाचला, बोट सरकवत. हिरवं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातलं पाणी उजेडाच्या जोरावर जोडून साखर करतं. ती साखर पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक भागात मोडली जाते, ऑक्सिजन लागतो, शक्ती सुटते, आणि उरतं ते पुन्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. झाडातही हे चालतं, बैलातही, माणसातही. साखर कमी पडली की शरीर चरबी काढतं, चरबीही पुरेना झाली की प्रथिनं काढतं. अंधारातलं रोप नवीन काही कमवत नाही. आईने दाण्यात जे बांधून दिलं तेच मोडून खातं आणि उजेड सापडेल म्हणून नुसतं लांबत जातं. दाणा संपला की आडवं होतं.

“दहाव्या दिवशी दसरा येतो म्हणून बरं,” मानसी म्हणाली. “बाराव्या-चौदाव्या दिवशी आपली रुजवण पण झोपली असती.”

विमलाने पुस्तक मिटलं. पडद्यापलीकडे धोंडू बसला होता. तिला त्याची पाठ दिसत होती, पंचा गुंडाळलेली कंबर आणि वर मण्यांसारखे मोजता येतील असे पाठीचे मणके. तो काही करत नव्हता. नुसता बसून श्वास घेत होता. तिने अडुसष्टातून चोपन्न वजा केले. ते घट बसण्याआधीचं वजन होतं, आताचं तिला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी तिने विषय काढला. सरळ सांगितलं की इंजेक्शनं आणलेली आहेत, नीलमच्या दुकानाशेजारच्या नर्सबाई येऊन टोचून जातील, उंबरा ओलांडायला नको. धोंडू म्हणाला सुई लागली म्हणजे रक्त निघतं, घटापाशी रक्त चालत नाही. मग त्याने परडीकडे बोट दाखवलं. रुजवण घटाच्या गळ्यापर्यंत आली होती.

“असा कधी इला नव्हता. घराचा बरा होतला. तू कित्याक भितस?”

“उजेड गावना नाय म्हणान वाढला ता. आतसून रिकामा होता.”

“शाळा माका शिकव नको,” धोंडू म्हणाला, पण आवाजात राग नव्हता, तेवढा जोरच उरला नव्हता. उठताना त्याने भिंत धरली. त्या दिवशी तो अकरा वेळा मोरीत गेला आणि अकरा वेळा थंड पाणी अंगावर घेतलं. विमलाने मोजलं.

शनिवारी सातवी माळ. सकाळी धोंडूने केळ्याचा घास घेतला तो उलटून पडला. पाणी प्यायला, तेही पडलं. दुपारी त्याचा श्वास बदलला. धावून आलेल्या माणसासारखा खोल आणि जोराचा, आणि तो तर भिंतीला टेकून बसलेला. मानसी शाळेतून आली, वाकून त्याच्याशी बोलली आणि मागे सरली. आजोबांच्या तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतोय असं तिने आजीच्या कानात सांगितलं. विमलाला तो वास सकाळपासून येत होता, पिकून उतरलेल्या फणसासारखा. तिने मानसीला नाक्यावर पिटाळलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाल्या, इथे आणू नका, रिक्षात घाला आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या, आता. देवेशला फोन लावला, तो गोरेगावहून निघाला.

धोंडू उठायला तयार नव्हता. घट मंगळवारी उठतील, मग मीही उठेन, एवढंच तो थांबत थांबत म्हणत राहिला. देवेश आला, हात जोडून झाले, चढा आवाज काढून झाला. उचलून नेऊ म्हणाला तर धोंडूने देव्हाऱ्याचा खांब धरला. त्या काटकुळ्या हाताची पकड देवेशला सोडवेना, की बापाच्या हाताला झटका द्यायची हिंमत होईना, ते त्याचं त्यालाच माहीत. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

विमला मोरीत गेली. डोक्यावरून दोन तांबे घेतले, ओल्या केसांनीच बाहेर आली आणि धुतलेलं लुगडं गुंडाळलं. देव्हाऱ्यापुढे बसून कपाळ जमिनीला टेकलं. मग तिने दोन्ही हातांनी परडी उचलली, घटासकट, माळांसकट. घाडींच्या घरात दसऱ्याच्या आधी घट कुणी बोटभर हलवला नव्हता, आणि बाईने तर कधीच नाही. परडी जड होती. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं. ती पडद्यातून बाहेरच्या खोलीत आली, तिथून गॅलरीत, आणि मानसीचा डबा जिथे होता त्या जागी उन्हात तिने परडी ठेवली. परत येऊन धोंडूच्या समोर उभी राहिली.

“घट उठलो. आता तुमी उठा.”

धोंडूने मोकळ्या जागेकडे पाहिलं. मातीचा गोल डाग राहिला होता आणि शेजारी दिवा जळत होता. खांबावरचा हात सुटून मांडीवर पडला. देवेशने त्याला पाठीवर घेतलं तेव्हा त्याने मान दुसऱ्या बाजूला वळवली, विमला होती त्याच्या उलट बाजूला.

हॉस्पिटलात साखर साडेपाचशेच्या वर निघाली आणि रक्तात आम्ल साठलेलं निघालं. चरबी जाळल्याची ती राख, असं तिथल्या तरुण डॉक्टरने देवेशला सांगितलं. सलाइन लावलं, नळीतून इन्शुलिन सुरू केलं. विमलाने विचारलं की मंगळवारपर्यंत थांबलो असतो तर. डॉक्टर म्हणाला, मंगळवार त्यांनी पाहिला नसता.

मंगळवारी दसरा. धोंडू अतिदक्षता विभागातून वॉर्डात आला होता. नीलमने गॅलरीतल्या परडीतली रुजवण कापून आणली होती, पण तीन दिवसांच्या उन्हात ती हिरवी पडली होती. धोंडूचा धाकटा भाऊ भिकाजी गोरेगावहून आला होता. त्याने जुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि खाटेवर ठेवून दिली. हिरवी रुजवण घाडींच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नाही, असं तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. मग विमलाकडे वळला.

“वैनी, चार अक्षरा शिकलास ती बरी. पण देवाक हात लावूक शिकवतत काय थय?”

विमलाने धोंडूकडे पाहिलं. धोंडू छताकडे बघत होता.

तो सहाव्या दिवशी घरी आला. घट पुढच्या वर्षापासून भिकाजीकडे बसेल, हे त्याने देवेशला सांगितलं, आणि विमलाशी बोलणं सोडलं. तिला काही सांगायचं तर मानसीला हाक मारायची, “तुझ्या आजीक सांग,” असं म्हणून. आजी तीन हातांवर बसलेली असायची. सुई मात्र तो तिच्याच हातची घ्यायचा. दुसऱ्या कुणाला जमत नव्हती असं नाही. विमला सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं पेन घेऊन आली की तो सदरा वर करून पोट पुढे करायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. चाळीतल्या काही बायकांनीही तिच्या हातचा तीर्थप्रसाद घेणं बंद केलं. हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. विमलाला ते लागलं, पण तिने ते घरात बोलून दाखवलं नाही.

दरम्यान धोंडूचं अंग भरत चाललं. नोव्हेंबरात सत्तावन्न, जानेवारीत साठ. गालांचे खड्डे बुजले. तो नदीपर्यंत चालत जायला लागला.

फेब्रुवारीत मानसीची परीक्षा तोंडावर आली. एका दुपारी ती विज्ञानाची उजळणी करत होती, पुस्तक विमलाच्या मांडीवर, धोंडू खाटेवर पडलेला. अंधारातल्या रोपांचा प्रश्न आला. मानसीने दोन ग्रॅम, दीड ग्रॅम सगळं घडाघडा सांगितलं आणि क्लासला पळाली. खोलीत दोघंच उरली. धोंडू बोलला, या खेपेला मानसीला हाक न मारता.

“ता वजन खय गेला?”

विमलाने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. “श्वासातसून. हवेत.”

“आणि माजा?”

“तुमचा थोडा तसाच. बाकीची साखर लघवीतसून.”

“चौदा किलो?”

“होय.”

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी नुसतो बसलेलंय, तरी खर्च होत होतंय.”

“होय.”

“आणि ता रुजवण पण.”

“होय.”

धोंडू उठून बसला. तिने त्याला पाणी दिलं, तो प्यायला आणि तांब्या तिच्या हातात परत दिला. घट हलवल्याबद्दल त्याने त्या दिवशी काही म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायला लागला, आधी बाजाराचं, मग लेकीचं, मग सगळंच. मार्चात सगळं बंद झालं, मानसीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, आणि दोन खोल्यांत पाच माणसं कोंडली गेली तेव्हा चाळीत सगळ्यांत जास्त बडबड घाडींच्याच घरातून ऐकू यायची.

भिकाजीचं मत बदललं नाही. गोरेगावला दर नवरात्रात तो जमलेल्या माणसांना सांगायचा की वैनीने घट मध्येच उठवला, देवी वेळ घेते पण सोडत नाही. विमला त्याच्याकडे दर वर्षी जायची, नारळ ठेवायची, त्याचं बोलणं ऐकायची आणि संध्याकाळच्या इंजेक्शनच्या आत दहिसरला परतायची. धोंडू तिच्याबरोबर जायचा, पण फराळ न करता घरून भाकरी खाऊन जायचा. त्याने श्रुतिकाचा मुलगा पाहिला. मानसीने नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा तिला सोडायला तोच गेला.

धोंडू घाडी मंगळवार, १२ मार्च २०२४ रोजी सकाळी साडेसहा वाजता दहिसरच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने वारला. वय एकाहत्तर, वजन बासष्ट किलो. घट उठवल्याला त्या दिवशी चार वर्षं, पाच महिने आणि सात दिवस झाले होते.